कुलूप हातात धरून झोपलेला थ्रेड

जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेतला थ्रेड.स्लीप आम्हाला कॉलेजात अर्ध्या पानात शिकवला होता. थ्रेड म्हणजे प्रोग्रामच्या आत इतरांच्या बरोबरीनं चालणारं एक स्वतंत्र काम. थ्रेड इतके मिलिसेकंद झोपतो, मग उठतो, मध्येच उठवलं तर येणारं इंटरप्टेड एक्सेप्शन, म्हणजे अडचणीचा इशारा, पकडावं लागतं, झालं. परीक्षेत दोन मार्कांना स्लीप आणि वेट यातला फरक यायचा आणि सगळे पाठ केलेली ओळ लिहायचे की वेट, म्हणजे हाक येईपर्यंत थांबणं, लॉक सोडतो, स्लीप सोडत नाही, आणि लॉक म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप. मीही तीच लिहिली होती. त्या ओळीचा अर्थ मला खरा कळला तो एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर, जानेवारीत, रात्री दीड वाजता. तेव्हापासून कुणाच्याही कोडमध्ये स्लीप दिसला की आजूबाजूच्या वीस ओळी वाचल्याशिवाय मी पुढे जात नाही. बरेच दिवस हे नीट लिहून काढायचं होतं, आज बसले.

आधी तिथलं काम कसं चालतं ते सांगते. कारखान्यात उसाच्या गाडीचं वजन दोनदा होतं. भरलेली गाडी आत येताना एका काट्यावर, आणि ऊस गव्हाणीत टाकून रिकामी झालेली गाडी बाहेर पडताना दुसऱ्या काट्यावर. दोन्ही आकड्यांची वजाबाकी म्हणजे ऊस, आणि शेतकऱ्याचं बिल, तोडणीची मजुरी, वाहतुकीचं भाडं सगळं त्या एका आकड्यावर निघतं. काट्याखाली वजन मोजणारे लोडसेल, केबिनमध्ये आकडा दाखवणारा इंडिकेटर, तो सिरीयल पोर्टवरून, म्हणजे पीसीला जोडलेल्या एका केबलवरून, सारखा आकडा पाठवत राहतो, आणि आमचं सॉफ्टवेअर तो उचलून पावती छापायचं. जावा ८, विंडोज ७ चा पीसी, दोन काटे आणि प्रत्येक काट्याला एक थ्रेड.

आता गाडी काट्यावर चढली की आकडा लगेच स्थिर होत नाही. ट्रॅक्टरचं इंजिन धडधडत असतं, मागच्या दोन ट्रॉल्या अजून डुलत असतात, बैलगाडी असेल तर बैल पाय बदलतात, त्यामुळे १४,३२० दिसतं मग १४,३५० मग १४,३४०. यावर उपाय म्हणून कोडमध्ये लिहिलेलं होतं की एकदा वजन वाच, तीन सेकंद झोप, परत वाच, दोन्ही आकडे सारखे आले तर वजन पक्कं, नाहीतर परत, असं जास्तीत जास्त दहा वेळा. वाचायला साधं आणि सरळ. ज्यानं लिहिलं त्याला सिरीयल पोर्टची लायब्ररी एकाच वेळी दोन थ्रेडकडून वापरली तर चालेल का याची खात्री नव्हती, म्हणून त्यानं ती अख्खी मेथड, म्हणजे कोडचा तो तुकडा, सिंक्रोनाइज्ड केली, म्हणजे लॉक घेतल्याशिवाय आत जाता येऊ नये असं केलं, आणि दोन्ही काट्यांना एकच ऑब्जेक्ट दिला, म्हणजे लॉकही एकच. हेतू चांगलाच होता. ऑफिसात सिम्युलेटरवर सगळं छान चालायचं कारण सिम्युलेटर पहिल्यापासून स्थिर आकडा द्यायचा, तिथे कुठला बैल पाय बदलतोय.

हंगाम ऐन भरात आला आणि फोन सुरू झाले की रिकामा काटा, म्हणजे रिकाम्या गाड्या तोलणारा, "बसतो", मध्येच अडकून राहतो. प्रोग्राम बंद करून चालू केला की चालतो, तासाभरानं परत तेच. शेवटी आमचे सर आणि मी, आम्ही दोघं गेलो. रात्री यार्डात पोचलो तर डाव्या हाताला बैलगाड्यांची रांग, रिकाम्या गाड्यांची, ऊस टाकून झालेला आणि फक्त वजनासाठी उभ्या. काट्यावरचे क्लार्क अण्णा मला म्हणाले, "बघा की मॅडम, बटण दाबून चार मिनिटं झाली, वजन उचलंना झालंय." इंडिकेटरवर लाल आकडा अगदी शांत, एक किलोसुद्धा हलत नव्हता. काटा ठीक होता, केबल ठीक होती, बैल सुद्धा गुमान उभे होते. खिडकीशी एक गाडीवान आला, बीडकडचा, मफलर कानाभोवती बांधलेला, आणि म्हणाला, "ताई, किती वेळ लागंल अजून? चारला परत फडात जायचंय, बैलं ताटकळलीत." त्याला मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही, पण तो काय म्हणाला ते शब्द न् शब्द आठवतं. स्क्रीनवर न दिसणारा एक थ्रेड अडकतो तेव्हा प्रत्यक्षात कोण अडकतं ते मी त्या दिवशी पाहिलं.

त्या पीसीवर फक्त जेआरई, म्हणजे जावा नुसतं चालवण्यापुरता संच, होतं त्यामुळे थ्रेड कुठे अडकलेत ते दाखवणारा जेस्टॅक नव्हता, पण प्रोग्राम बॅच फाइलवरून सुरू व्हायचा आणि मागे काळी खिडकी उघडी असायची. सरांनी त्या खिडकीत जाऊन कंट्रोल आणि ब्रेक दाबलं. एवढं केलं की जेव्हीएम, म्हणजे जावाचे प्रोग्राम चालवणारं यंत्र, आपले सगळे थ्रेड त्या क्षणाला कुठे आहेत ते छापून देतं आणि प्रोग्राम पुढे चालू राहतो, ज्यांना माहीत नाही त्यांनी हे नक्की लक्षात ठेवा, चालू सिस्टीमवर याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही. दहा-दहा सेकंदांनी तीन वेळा दाबलं. तीनही वेळा तेच चित्र. भरलेल्या काट्याचा थ्रेड, स्थिती टाइम्ड वेटिंग, म्हणजे ठरावीक वेळ थांबलेला, पुढे स्लीपिंग, सगळ्यात वरची ओळ थ्रेड.स्लीप, आणि तिच्या खाली एक बारीक ओळ, लॉक्ड, पुढे ऑब्जेक्टचा पत्ता. रिकाम्या काट्याचा थ्रेड, स्थिती ब्लॉक्ड, खाली वेटिंग टू लॉक, आणि पत्ता तोच. सरांनी काही न बोलता दोन्ही पत्त्यांवर बोट ठेवलं. एक जण कुलूप हातात धरून झोपलाय आणि दुसरा दाराबाहेर उभा आहे, एवढं सरळ.

तिकडे भरलेल्या काट्यावर ट्रॅक्टरमागून ट्रॅक्टर येत होते, एकाचंही वजन पहिल्या झटक्यात स्थिर होत नव्हतं, म्हणजे तीन सेकंद, परत तीन सेकंद, कधी सात-आठ फेऱ्या, आणि तेवढा सगळा वेळ लॉक त्याच्याकडे. बरं एक गाडी झाली की लॉक सुटायचा ना, मग रिकाम्या काट्याला का मिळत नव्हता? तर सिंक्रोनाइज्डचा लॉक रांग पाळत नाही. कोण आधीपासून उभा आहे हे तो बघेलच असं नाही, सुटल्या क्षणी जो हात घालेल त्याचा. भरलेल्या काट्याचा थ्रेड लॉक सोडून पुढच्याच क्षणी परत मागायचा आणि झोपलेला नसल्यामुळे त्यालाच मिळायचा, तोवर ब्लॉक झालेल्याला उठवून प्रोसेसरवर आणेपर्यंत उशीर झालेला. म्हणून तीस सेकंदांच्या जागी चार मिनिटं. सगळ्यांना समान संधी हवी असेल तर रीएन्ट्रंट लॉक, म्हणजे जावातला दुसऱ्या प्रकारचा लॉक, बनवताना फेअर असं स्पष्ट सांगावं लागतं, आपोआप काही होत नाही.

त्या रात्री आम्ही फक्त दोन गोष्टी केल्या. प्रत्येक काट्याला स्वतःचा लॉक दिला, आणि झोप लॉकच्या बाहेर काढली, म्हणजे लॉक घ्या, आकडा वाचा, लॉक सोडा, मग झोपा. सव्वादोनला नवीन जार, म्हणजे प्रोग्रामची फाइल, टाकली. रांग हलायला लागली.

आता त्या रात्रीनंतर मी जे शिकले ते सांगते, क्रम थोडा मागेपुढे होईल.

स्लीप म्हणजे थ्रेड ऑपरेटिंग सिस्टीमला सांगतो की मला इतका वेळ प्रोसेसर नको. प्रोसेसर कुणाला द्यायचा ते ठरवणारा शेड्युलर त्याला बाजूला ठेवतो, टायमर लावतो, वेळ झाली की परत तयार लोकांच्या रांगेत उभा करतो. रांगेत, प्रोसेसरवर नाही. म्हणून शंभर मिलिसेकंद मागितले तर निदान शंभर मिळतील असं समजावं, वर किती ते त्या वेळच्या गर्दीवर. विंडोजवर तर टायमरचा ठोकाच नेहमी १५.६ मिलिसेकंदांनी पडतो, सेकंदाला ६४ वेळा. आमच्या जुन्या कोडमध्ये एका ठिकाणी दहा मिलिसेकंदांचा स्लीप होता आणि माझ्या मशीनवर तो बरोबर दहाला उठायचा, काट्यावरच्या पीसीवर पंधरा-सोळाला. कारण सापडायला मला दोन दिवस लागले. माझ्या मशीनवर ब्राउझर उघडा असायचा, आणि त्या काळच्या विंडोजमध्ये एखाद्या प्रोग्रामने टायमर बारीक करून मागितला की तो अख्ख्या मशीनसाठी बारीक व्हायचा. विंडोज १० च्या २००४ नावाच्या व्हर्जनपासून हे बदललं, आता ज्यानं मागितलं त्याच्यापुरतं राहतं. लिनक्सवर साध्या थ्रेडला ५० मायक्रोसेकंदांपर्यंत उशीर चालवून घेतात. तात्पर्य काढायची गरज नाही, फक्त स्लीपवर घड्याळ बांधू नका. दर सेकंदाला काही करायचं असेल आणि तुम्ही काम, मग एक सेकंद झोप, मग काम असं लिहिलंत तर कामाचा वेळ दर फेरीत साचत जातो आणि दिवसाअखेर तुम्ही बरेच मागे पडलेले असता. जावाच्या शेड्युल्ड एक्झिक्युटरचं फिक्स्ड रेट, म्हणजे ठरलेल्या ठोक्याला काम सुरू करणं, त्यासाठीच आहे.

आणखी एक, स्लीप ही स्टॅटिक मेथड आहे, म्हणजे कुठल्या एका थ्रेडची नाही, आणि ती नेहमी जो थ्रेड बोलावतो त्यालाच झोपवते. सुरुवातीला मी स्क्रीनच्या कोडमधून "वाचक.स्लीप(५०००)" असं लिहिलं होतं, वाचक म्हणजे काटा वाचणारा थ्रेड, मला तो पाच सेकंद थांबायला हवा होता. जावानं ते मुकाट्यानं कंपाइल केलं आणि स्क्रीनचाच थ्रेड झोपवला, खिडकी पांढरीफटक. दुसऱ्या थ्रेडला स्लीपनं झोपवायची सोय जावात नाही आणि ती नाही हे फार बरं आहे, का ते पुढे येतंच.

कारण पुढचा घोळ त्याचाच होता. स्क्रीनवर "काटा थांबवा" असं बटण होतं. वैधमापनचे अधिकारी प्रमाणित वजनं घेऊन काटा तपासायला येतात तेव्हा ती वजनं उसाच्या नोंदीत जाऊ नयेत म्हणून वाचन थांबवायचं आणि तपासणी झाली की "सुरू करा". आत काय होतं, तर थ्रेडचं सस्पेंड आणि रिझ्यूम, म्हणजे बाहेरून थांबवणं आणि परत चालू करणं. नावं वाचूनच कुणालाही वाटेल की हेच तर पाहिजे. पण या दोन्ही मेथड १९९८ साली जावा १.२ मध्येच वापरू नका म्हणून खुणावल्या गेल्या, कोडचं प्रोग्राममध्ये रूपांतर करणारा कंपायलर दर वेळी इशारा द्यायचा, आणि आमच्याकडे तो इशारा बिल्डच्या लॉगमध्ये, म्हणजे त्या वेळी छापल्या जाणाऱ्या नोंदींमध्ये, इतर दोनशे इशाऱ्यांत दबून गेलेला.

सस्पेंड थ्रेडला जिथे असेल तिथे गोठवायचा. तो काय करतोय, कुठल्या ओळीवर आहे, त्याच्या हातात कुठला लॉक आहे, काही विचारायचा नाही. स्लीपमधला थ्रेड तीन सेकंदांनी तरी उठतो, हा गोठवलेला कुणीतरी रिझ्यूम म्हणेपर्यंत उठायचा नाही. आमच्याकडे एक दिवस बटण नेमकं तेव्हा दाबलं गेलं जेव्हा वाचक थ्रेड लॉगच्या फाइलमध्ये एक ओळ लिहीत होता, म्हणजे लॉगचा लॉक त्याच्याकडे. तपासणी झाली. अण्णांनी "सुरू करा" दाबलं. त्या बटणाच्या कोडची पहिली ओळ होती लॉगमध्ये लिहा की काटा सुरू केला, आणि दुसरी ओळ रिझ्यूम. पहिली ओळ लॉगच्या लॉकसाठी थांबली, लॉक गोठलेल्याकडे, आणि गोठलेल्याला उठवणारी ओळ हिच्या मागे. स्क्रीन हँग. यातून कुठलंही बटण दाबून बाहेर पडता येत नाही, प्रोसेस मारावीच लागते. मी हे कागदावर बाण काढून अण्णांना दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे किल्ली आतल्याच्या खिशात आणि कडी बाहेरून." याहून नेमकं मी आजवर कुठे वाचलेलं नाही.

जावावाल्यांनी या मेथड नुसत्या नापसंत म्हणून पंचवीस वर्षं ठेवल्या. २०२३ च्या मार्चमध्ये आलेल्या जावा २० मध्ये त्या बोलावल्या की सरळ एक्सेप्शन मिळायला लागलं आणि २०२४ मधल्या जावा २३ मध्ये सस्पेंड आणि रिझ्यूम काढूनच टाकल्या. माझ्या मते उशीर झाला. जी गोष्ट दिसायला इतकी सोपी आणि वागायला इतकी घातक आहे ती हाताशी ठेवूच नये, नवीन मुलं नाव बघून वापरणारच.

मग थ्रेड थांबवायचा कसा? त्याला सांगायचं, आणि त्यानं स्वतःच्या सोयीच्या जागी थांबायचं. म्हणजे एक झेंडा ठेवायचा, थांबायचंय हो किंवा नाही, आणि वाचक थ्रेडनं प्रत्येक वजनाच्या सुरुवातीला तो बघायचा, जेव्हा आधीच्या गाडीचं वजन पूर्ण नोंदवून झालंय, लॉगची ओळ लिहून झालीय आणि हातात काही नाही. हातातलं खाली ठेवून मग बसा. जेव्हीएम स्वतःसुद्धा कचरा गोळा करताना सगळे थ्रेड असेच थांबवतं, ठरलेल्या सुरक्षित जागांवर, वाटेल तिथे नाही.

हा झेंडा लिहिताना माझ्याकडून पहिल्या प्रयत्नात जे झालं ते मी नंतर बऱ्याच जणांच्या कोडमध्ये पाहिलंय. साधं बुलियन, म्हणजे हो किंवा नाही एवढीच किंमत, आणि व्हाइल लूपमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या फेऱ्यांत, जोवर झेंडा वर आहे तोवर एक सेकंद झोप. वाटतं की दर सेकंदाला तो उठून नव्यानं बघेल. तसं कुणीही कबूल केलेलं नाही. जावा लँग्वेज स्पेसिफिकेशनच्या, म्हणजे भाषेच्या अधिकृत नियमपुस्तकाच्या, १७व्या प्रकरणात अगदी हेच उदाहरण दिलंय, की स्लीपला सिंक्रोनायझेशनचा काही अर्थ नाही, झोपण्याआधी किंवा उठल्यावर थ्रेडनं ताज्या किमती वाचाव्यात असं बंधन नाही, कंपायलर झेंडा एकदाच वाचून तीच किंमत कायम वापरू शकतो आणि मग तो लूप कधीच संपणार नाही. झेंड्याला व्होलाटाइल, म्हणजे दर वेळी ताजी किंमतच वाचायची अशी खूण, लावलं की हा प्रश्न सुटतो. पण मग दुसरं उरतं, एक सेकंद झोप म्हणजे "सुरू करा" दाबल्यावर कधी कधी जवळजवळ पूर्ण सेकंद उशीर, आणि झोप कमी केली तर रात्रभर विनाकारण उठबस.

इथे वेट खरा कामाला येतो. स्लीपला फक्त वेळ कळते, वेटला घटना कळते. वाचक थ्रेड लॉक घेतो, झेंडा बघतो, वर असेल तर वेट म्हणतो, आणि वेट म्हटल्या क्षणी लॉक सोडून देतो आणि झोपतो. "सुरू करा" दाबणारा तोच लॉक घेतो, जो आता मोकळा आहे, झेंडा खाली करतो, नोटिफाय ऑल म्हणतो म्हणजे थांबलेल्या सगळ्यांना हाक मारतो, लॉक सोडतो, आणि वाचक उठून आधी लॉक परत मिळवतो मग पुढे जातो. हातात लॉक नसताना वेट म्हटलं तर जावा इल्लीगल मॉनिटर स्टेट एक्सेप्शन देतं, आणि तो नियम मला आधी जाचक वाटायचा पण आता कळतं की तो का आहे. मी झेंडा बघितला, वर आहे, झोपायला निघाले, आणि त्याच फटीत कुणीतरी झेंडा खाली करून हाक मारली, तर ती हाक मला ऐकू येणार नाही आणि मी झोपून राहीन. बघणं आणि झोपणं या दोन्हीच्या मध्ये कुणाला शिरता येऊ नये म्हणून लॉक.

आणि झेंडा बघायचा तो व्हाइलमध्ये, म्हणजे दर वेळी उठल्यावर परत, इफमध्ये म्हणजे एकदाच नाही. वेटमधून थ्रेड कधी कधी कुणी हाक न मारताही उठतो, स्पेसिफिकेशन तशी मुभा देतं. शिवाय तुम्ही उठून लॉक मिळवेपर्यंत दुसऱ्यानं झेंडा परत वर केलेला असू शकतो. उठलात की परत बघा, एवढंच. नोटिफाय, म्हणजे एकालाच हाक, की नोटिफाय ऑल यावर लोक वाद घालतात, माझं म्हणणं असं की एकाच कारणासाठी थांबलेले सगळे थ्रेड एकसारखे आहेत आणि एकालाच उठवायचंय याची पक्की खात्री असेल तरच नोटिफाय, नाहीतर ऑल, चार थ्रेड उगाच उठले तर उठले.

इंटरप्टबद्दल, म्हणजे थ्रेडला मध्येच उठवण्याबद्दल, बोलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही कारण माझ्या बघण्यातल्या निम्म्या तरी कोडमध्ये ते एक्सेप्शन पकडणारा कॅच ब्लॉक रिकामा असतो. पाळी बदलताना क्लार्क प्रोग्राम बंद करायचे, खिडकी जायची, पण प्रोसेस मागे जिवंत, पोर्ट धरून बसलेला, आणि नव्या पाळीचा माणूस प्रोग्राम उघडतो तर पोर्ट बिझी. बंद करताना आम्ही थ्रेडला इंटरप्ट करत होतो. झोपलेला थ्रेड इंटरप्टनं लगेच उठतो आणि एक्सेप्शन येतं, हे ठीक, पण एक्सेप्शन येताना इंटरप्टची खूण पुसली जाते. आमचा कॅच रिकामा, बाहेरचा लूप विचारतो इंटरप्ट झालाय का, खूण पुसलेली, तो म्हणतो नाही, चला पुढचं वजन. कुणीतरी येऊन खांद्याला हात लावून चला म्हणावं आणि आपण कूस बदलून परत झोपावं, तसं. कॅचमध्ये एकतर लूपमधून बाहेर पडा, नाहीतर करंट थ्रेडला परत इंटरप्ट करून खूण पुन्हा लावून ठेवा म्हणजे वरच्याला कळेल. जावानं हे एक्सेप्शन पकडायची सक्ती केलीय त्याबद्दल लोक कुरकुर करतात. मला ती सक्ती योग्य वाटते. झोपणाऱ्याला मध्येच का उठवलं याचं उत्तर लिहिणाऱ्याकडे असलंच पाहिजे.

झोपेचा प्रश्न फक्त आपल्याच कोडमध्ये असतो असंही नाही. ३० जून २०१२ ला जगाच्या घड्याळात एक लीप सेकंद, म्हणजे एक जादा सेकंद, घातला गेला, यूटीसीच्या म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या मध्यरात्री, म्हणजे आपल्याकडे १ जुलैची पहाट, साडेपाचच्या ठोक्याला. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, तेव्हा एक चूक होती, घड्याळ एक सेकंद मागे आलं पण बारीक टायमरचा हिशोब ठेवणाऱ्या भागाला ते कळलंच नाही. परिणाम असा की एक सेकंदापेक्षा कमी वेळ थांबायला सांगितलेले थ्रेड थांबायचेच नाहीत, झोप म्हटलं की वेळ संपली म्हणून लगेच परत. लूपमध्ये थोडं थांब, बघ, थोडं थांब, बघ असं करणारे जेवढे प्रोग्राम, आणि जावाचे सर्व्हर त्यात भरपूर, ते सगळे प्रोसेसर शंभर टक्के खात गरगर फिरायला लागले. उपाय सापडला तो म्हणजे मशीनची तारीख आहे तीच परत सेट करायची, त्यानं टायमरचा हिशोब जुळायचा. मी तेव्हा कॉलेजात होते, हे सगळं नंतर वाचलं, पण वाचताना अंगावर काटा आला, कारण तोवर मी काट्यावरची रात्र बघितलेली होती. थांबणारा थ्रेड थांबलाच नाही तर काय होतं याचा आपण विचारच केलेला नसतो.

आता नव्या जावात व्हर्च्युअल थ्रेड आलेत, सप्टेंबर २०२३ च्या जावा २१ पासून, आणि बरेच जण म्हणतात की आता बिनधास्त झोपा. अर्ध खरं आहे. जुना थ्रेड झोपला तरी ऑपरेटिंग सिस्टीमचा एक थ्रेड अडकून राहतो आणि त्याच्या स्टॅकसाठी, म्हणजे त्याच्या कामाच्या मेमरीसाठी, साधारण एक एमबी जागा राखून ठेवलेली असते. व्हर्च्युअल थ्रेड झोपला की तो खालच्या खऱ्या थ्रेडवरून उतरतो आणि तो खरा थ्रेड दुसऱ्याचं काम घेतो, म्हणून लाखभर थ्रेड एकदम झोपले तरी मशीन कुरकुरत नाही. पण जावा २१ मध्ये सिंक्रोनाइज्डच्या आत झोपलात तर उतरता यायचं नाही, खालचा थ्रेडही अडकायचा, ते मार्च २०२५ च्या जावा २४ मध्ये सुधारलं. तरीही आमच्या काट्याचा प्रश्न व्हर्च्युअल थ्रेडनं सुटला नसता. झोपणं कितीही स्वस्त झालं तरी कुलूप त्याच्याच हातात, आणि रिकाम्या काट्याचा थ्रेड दाराबाहेरच.

त्या हंगामानंतर आम्ही तो भाग नव्यानं लिहिला. सिरीयल पोर्टमधून वाचायला स्लीप लागतच नाही हे मला तेव्हा उमगलं, वाचन स्वतःच थांबतं, बाइट येईपर्यंत ऑपरेटिंग सिस्टीम थ्रेडला झोपवून ठेवते आणि आले की उठवते. वाचक थ्रेड नुसता आकडे घेऊन ब्लॉकिंग क्यूमध्ये, म्हणजे रिकामी असेल तर उचलणाऱ्याला थांबवून ठेवणाऱ्या रांगेत, टाकत जातो, दुसरा थ्रेड ते उचलतो आणि सलग दोन सेकंद आकडा बदलला नाही की वजन पक्कं करतो. क्यूमधून उचलताना पोलला, म्हणजे उचलणाऱ्या मेथडला, वेळेची मर्यादा दिलीय, पाच सेकंदांत एकही आकडा आला नाही तर केबल निघालीय असं समजून स्क्रीनवर लाल पट्टी येते. २००४ साली जावा ५ बरोबर डग ली आणि त्यांच्या गटानं थ्रेडनी एकमेकांसाठी थांबायची ही सगळी साधनं तयार करून ठेवलीत, क्यू, लॅच, सेमाफोर, आणि ते असताना आपण हातानं वेट-नोटिफाय लिहायची वेळ फार कमी येते. तरी एकदा हातानं लिहून बघावं असं मी नव्या मुलांना सांगते, म्हणजे आत काय चाललंय ते कळतं.

नव्यानं लिहायच्या आधी जुन्या कोडमध्ये स्लीप शोधले होते, सतरा निघाले. त्यातले अकरा "नाहीतर चालत नाही" म्हणून कुणीतरी कधीतरी टाकलेले, म्हणजे दुसऱ्या थ्रेडचं काम संपायची वाट बघायला अंदाजे वेळ, त्यांच्या जागी काम खरंच संपेपर्यंत थांबणारी जॉइन किंवा लॅच आली. पाच क्यूच्या पोलमध्ये विरघळले. एक राहिला. पोर्ट उघडला नाही, इंडिकेटर बंद आहे किंवा केबल सैल आहे, तर दोन सेकंद थांबून परत प्रयत्न करायचा, त्या जागी. तिथे थ्रेडच्या हातात एकही लॉक नसतो, स्क्रीनला तोवर "काटा जोडलेला नाही" हे कळवून झालेलं असतं, दुसरा काटा त्याच्यासाठी थांबत नाही, आणि इंटरप्ट आला तर तो लूप सोडून नीट बाहेर पडतो. तो स्लीप आम्ही तसाच ठेवलाय.